जेवणाच्या सुट्टीतला इको

इकोच्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर दिवा मंद ठेवतात, कारण पडद्यावरच्या राखाडी छटा उजेडात दिसत नाहीत. एक अरुंद पलंग, भिंतीला अडकवलेला कागदाचा रोल, जेलच्या बाटल्या, चाकांवरचं यंत्र आणि एक फिरती खुर्ची. त्या खुर्चीवर गेली एकतीस वर्षं एकच बाई बसतात. दाराच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, पण ते कोणी वापरत नाही. पूर्वीच्या एका डॉक्टरांनी त्यांना मापाडीबाई म्हटलं, तेव्हापासून वॉर्डापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच.

मापाडीबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. उजवा खांदा कामातून गेलेला, मान एका बाजूला किंचित कललेली. स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही. पेशंट शर्टाची बटणं काढेपर्यंत त्या कागद फाडून घेतात, प्रोब पुसतात, पुसलेला परत पुसतात, खुर्ची एक वीत पुढे घेतात आणि पुन्हा मागे सारतात. घरीही तसंच. त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ आहेत. ते म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी नाही, भिंगरीला ही लावलेली आहे.

त्यांच्या कामात सुई नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. छातीवर गार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि बरगड्यांच्या फटींतून ध्वनिलहरी आत सोडायच्या. त्या परत आल्या की पडद्यावर हृदय हलताना दिसतं. हृदयाला चार झडपा. त्यांतली एक महाधमनीच्या तोंडाशी असते आणि उतारवयात बहुतेक वेळा तीच त्रास देते. तिच्यावर चुना साचतो, ती जाड होते, पूर्ण उघडत नाही. नळाच्या तोंडावर बोट धरलं की धार जोरात उडते, तसं अरुंद झडपेतून रक्त जोरात निघतं. त्या धारेचा वेग मोजला की झडप किती अरुंद झाली आहे ते कळतं. सेकंदाला चार मीटरच्या खाली वेग असेल तर बहुतेक वेळा आजार मध्यम, दर वर्षी बघत राहायचं. चार किंवा जास्त असेल तर तीव्र, आणि मग झडप बदलण्याची गोष्ट निघते.

या मोजण्यात एक खोच आहे. प्रोब धारेच्या बरोबर रेषेत असला तरच खरा वेग मिळतो. तिरका लागला तर वेग कमी दिसतो. चूक नेहमी कमीच्याच बाजूला होते. म्हणून बाई एका जागेवरून मोजून थांबत नाहीत. छातीची डावी बाजू, हृदयाचं टोक, बरगड्यांच्या खालून, गळ्याच्या खळगीतून आणि शेवटी पेशंटला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या बाजूने. पाच जागा, आणि त्यांतला सगळ्यात मोठा आकडा खरा.

पाचवी जागा कोणालाच आवडत नाही. तिथे साधा प्रोब चालत नाही, पेन्सिलीएवढा बारीक प्रोब लागतो. त्यात चित्र दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. बरगड्यांमध्ये तो जोराने दाबून, अंशाअंशाने फिरवत, धारेचा आवाज शोधायचा. चुकीच्या जागी तो जाडाभरडा येतो, बरोबर जागी बारीक आणि तीक्ष्ण होतो, शिट्टीसारखा. पेशंटला दुखतं, बाईंच्या खांद्याला दुखतं, दहा मिनिटं जातात. नवीन मंडळी हा प्रोब खणातून काढतच नाहीत. बाई काढतात. रोजच्या चौदा-पंधरा पेशंटांमध्ये असा झडपेचा एखादा असला तरी काढतात.

त्यांची दुसरी खोड प्रश्नांची. दम लागतो का, असं त्या विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं, या झडपेची माणसं खोटं बोलत नाहीत, पण खरंही सांगत नाहीत. दम लागायला लागला की ती हळूच चालणं कमी करतात, जिना टाळतात, पिशवी दुसऱ्याच्या हातात देतात. मग दम लागत नाही, आणि ती अभिमानाने सांगतात की काही त्रास नाही. म्हणून बाई विचारतात, घरात भाजी कोण आणतं? पूर्वी कोण आणायचं? कधीपासून बदललं? माणसं चक्रावतात, पण उत्तर देतात.

हे सगळं रांगेतल्या पेशंटांसाठी. घरच्यांची गोष्ट वेगळी होती.

त्या रुग्णालयात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. आपलं माणूस रांगेत बसवायचं नाही. वॉर्डातल्या सिस्टरची आई, लिफ्टवाल्याचे सासरे, भूलतज्ज्ञांचे काका, सगळे जेवणाच्या सुट्टीत यायचे. दीड ते दोन. खोली रिकामी, यंत्र तापलेलं, बाई मोकळ्या. चहापेक्षा मोठा पाहुणचार म्हणजे जेवणाच्या सुट्टीतला इको. घेणाऱ्याला वाटायचं आपल्यावर मेहेरबानी झाली, देणाऱ्याला वाटायचं आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो. अर्ध्या तासात डबाही खायचा असतो, ही गोष्ट कोणी बोलत नसे.

मापाडीबाईंच्या नणंदेचा इको चार वर्षं असाच होत होता.

नणंद चौसष्ट वर्षांच्या, यजमानांच्या पाठची बहीण. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवतात. लग्न केलं नाही. भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दुमजली घर, वर राहणं आणि खाली आता कामाची खोली. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात असतानाही टोमणे मारता येतात अशी ख्याती. भावजयीला त्या वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात. वहिनी त्यांना ताई आणि तुम्ही म्हणते. दोघींचं पटतं, पण ते पटणं बाहेरून पाहणाऱ्याला भांडणासारखं दिसतं.

सुरुवातीला डोळ्याच्या ऑपरेशनआधी एका डॉक्टरांना त्यांच्या छातीत फुरफुर ऐकू आली. इको झाला. महाधमनीची झडप थोडी अरुंद, वेग दोन पॉइंट नऊ. पहिल्या वर्षी बाईंनी पाचही जागा घेतल्या होत्या. पाचव्या जागेला नणंद कळवळल्या. म्हणाल्या, वहिनी, बरगडी मोजतेस की मोडतेस? डावीकडून आणि उजवीकडून आकडा तेवढाच आला होता. मग दुसऱ्या वर्षी उजवी कूस राहिली. तिसऱ्या वर्षीही राहिली. दोन्ही वर्षी डावीकडून तीन पॉइंट दोन, मग तीन पॉइंट पाच. मध्यम. डॉक्टर सही करायचे, नणंद पदर सारखा करून विचारायच्या, अजून किती वर्षं पडदे शिवू? बाई म्हणायच्या, लोकांच्या खिडक्या संपेपर्यंत.

या वर्षी गुडघ्याची भानगड निघाली. डावा गुडघा झिजला होता आणि बदलायचं ठरलं. तारीख मंगळवारची. भूलतज्ज्ञांनी झडपेचं ऐकून ताजा इको मागितला. गुरुवारी दुपारी पावणेदोनला नणंद आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भावजयीसाठी शिवलेली उशीची कव्हरं.

त्या दिवशी सकाळची रांग लांबली होती. बाईंचा डबा यंत्राच्या कडेला अर्धा उघडा होता. चार जागा झाल्या. तीन पॉइंट सहा. झडप पडद्यावर पांढरीफटक दिसत होती, आणि उघडते की नुसती थरथरते ते सांगता येत नव्हतं. बाईंचा हात तिथे एक क्षण थांबला.

"झालं?" नणंदेने विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

नणंद उठून बसल्या. पुसायला कागद मागितला. तीन वाजता हृदयरोगतज्ज्ञांनी चित्रं भराभर पुढे सरकवून सही केली. मध्यम, गेल्या वर्षीपेक्षा फार फरक नाही. मापाडीबाईंच्या मापाला दुसऱ्यांदा माप लावण्याची त्यांना सवय नव्हती. अहवाल भूलतज्ज्ञांकडे गेला.

चार वाजता रांगेतला शेवटचा पेशंट आत आला, दारं-खिडक्या बनवणारा एक सुतार. झडपेचाच आजार. डावीकडून तीन पॉइंट सहा. बाईंनी त्याला उजव्या कुशीवर वळवलं, खणातून पेन्सिल काढली आणि दाबली. बराच वेळ जाडाभरडा आवाज. मग मनगट जरा वळलं आणि शिट्टी आली. चार पॉइंट चार.

सुतार आकडा विचारत होता. बाईंनी सांगितलं की डॉक्टर सांगतील. तो गेल्यावर त्यांनी प्रोब पुसला. परत पुसला. डबा तसाच बंद करून पिशवीत टाकला.

घरी पोहोचल्यावर त्यांनी उशीची कव्हरं कपाटात ठेवली, काढली, दुसऱ्या कपाटात ठेवली. यजमानांनी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही. त्यांना दुसरं काही नाही, फक्त नणंदेच्या झडपेचं ते पांढरं थरथरणं दिसत होतं. चित्र एक सांगत होतं आणि आकडा दुसरंच. गुडघ्यासाठी कमरेतून भूल देतात, तेव्हा रक्तदाब खाली येतो. झडप धड असली तर हृदय जास्त रक्त फेकून तो सावरतं. झडप फार अरुंद असली तर फेकणार कुठून? हे बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. मंगळवारला चार दिवस होते.

शुक्रवारी सकाळी त्या अर्धा तास आधी कामावर गेल्या आणि नणंदेची चार वर्षांची चित्रं काढून बसल्या. डावी बाजू, टोक, बरगड्यांखाली, गळा. सगळं होतं. पाचव्या जागेच्या ओळीत पहिल्या वर्षी आकडा आणि त्यापुढे तीन वर्षं एक आडवी रेघ. रेघ त्यांच्याच हातची. जे नोंदलंच नाही ते कितीही वेळा उघडून दिसणार नव्हतं. तरी त्यांनी ती चित्रं तीनदा पाहिली. त्या दिवशी एका पेशंटला त्यांनी डावीकडे वळा म्हणून सांगितलं आणि तो आधीच डावीकडे वळलेला होता.

संध्याकाळी त्या नणंदेकडे गेल्या. तिथे त्या आठवड्यातून दोनदा जात होत्याच. पण त्या दिवशी त्यांनी घराकडे पेशंटकडे बघावं तसं पाहिलं. शिवणयंत्र गेल्या वर्षापर्यंत वर होतं, आता खाली. इस्त्रीचं टेबल ठेंगणं करून घेतलेलं, त्यापुढे स्टूल. कापडाचे ताके पूर्वी नणंद स्वतः खांद्यावर आणायच्या, आता दुकानवाला आणून टाकतो. खालच्याच खोलीत एक कॉट पडली होती, दुपारी आडवं व्हायला. यातली एकही गोष्ट नवीन नव्हती. एकेक होत गेली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं होतं, गुडघा.

बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी विचारायला सुरुवात केली. यंत्र खाली कधी आणलं? ताके कधीपासून उचलत नाही? भाजी कोण आणतं? नणंद आधी हसल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, तू आज इन्स्पेक्टरसारखी काय आलीयेस? गुडघा वाकत नाही म्हणून ऑपरेशन करायचंय ना, मग त्याच गुडघ्याची इतकी चौकशी कशाला?

"ताई, जिन्यात मधे थांबता, ते गुडघ्यासाठी की दमासाठी?"

नणंदेने तोंडातली टाचणी काढून उशीला टोचली.

"थांबायला मी आधीपासून लागले," त्या म्हणाल्या. "गुडघा नंतर दुखायला लागला. मग बरंच झालं, सांगायला कारण मिळालं."

ते त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. पाठोपाठ नणंदेने सांगितलं की काळजीचं कारण नाही, कालच इको झालाय, मध्यम आहे, तूच सांगितलंस. बाईंनी उद्या सकाळी परत येण्याचा विषय काढला. नणंदेने साफ नकार दिला. पडद्यांची एक मोठी ऑर्डर सोमवारच्या आत हातावेगळी करायची होती, मग सहा आठवडे पाय लांब करून बसायचं होतं. एकच गोष्ट दोनदा मोजायला त्यांना वेळ नव्हता.

बाई घरी आल्या आणि यजमानांना म्हणाल्या, तुम्ही सांगा ताईंना. यजमानांचा स्वभाव पाण्यात दगड न टाकण्याचा. ते म्हणाले, डॉक्टरांनी सही केली आहे, भूल देणारेही डॉक्टरच आहेत, ते बघतील. तू कशाला जिवाला लावून घेतेस? आणि तिला उगाच घाबरवलंस तर ती गुडघाही करणार नाही, हे तुला माहीत आहे. ते खरं होतं. गुडघ्यासाठी नणंदेला तयार करायला सगळ्यांना दोन वर्षं लागली होती.

त्यांना परत तपासायला बोलवायचं तर कारण लागणार होतं, आणि खरं कारण एकच होतं. बाईंनी ते टाळण्याचे प्रयत्न करून पाहिले. यंत्र बिघडलं होतं म्हणावं. डॉक्टरांना अजून एक चित्र हवंय म्हणावं. त्यांनी फोन उचलला, ठेवला, गॅलरीत गेल्या, आत आल्या. यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला फोनपुढे अशी उभी पाहिली नव्हती.

शेवटी बाईंनी नंबर लावला आणि पलीकडून आवाज येताच बोलून टाकलं.

"ताई, मी काल अर्धंच तपासलं. गेली तीन वर्षं अर्धंच तपासतेय."

पलीकडे काही क्षण शिवणयंत्र चालू होतं, मग थांबलं. नणंदेने विचारलं, किती वाजता येऊ?

शनिवारी रांग नव्हती. पलंगावर नवीन कागद, पाठीशी उशी. नणंद स्वतःहून उजव्या कुशीवर वळल्या. बाईंनी जेल लावलं आणि पेन्सिल टेकवली. बरगड्यांची दुसरी फट, मग तिसरी. जाडाभरडा आवाज. नणंदेचा श्वास अडखळत होता, पण दुखतंय असं त्या म्हणाल्या नाहीत. बाईंनी मनगट किंचित आत वळवलं, खांद्यात कळ आली, हात तसाच ठेवला. आवाज बारीक होत गेला आणि मग शिट्टी वाजली. पडद्यावर पांढरी टोकं वर चढली. चार पॉइंट आठ. त्यांनी सहा ठोके नोंदले, मग आणखी सहा. चार पॉइंट सात, चार पॉइंट आठ, चार पॉइंट आठ.

नणंदेला आकडा दिसत नव्हता, पण आवाज त्यांनी ऐकला होता.

"परवा हा आवाज नव्हता," त्या म्हणाल्या.

बाईंनी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. ते घरून आले. त्यांनी चित्रं पाहिली आणि या वेळी भराभर पुढे सरकवली नाहीत. मग गुरुवारचा स्वतःच्या सहीचा अहवाल काढला, त्यातली आडवी रेघ पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते बाईंवर ओरडले नाहीत. म्हणाले, रेघ मलाही दिसायला हवी होती. त्यांनी तिथूनच भूलतज्ज्ञांना कळवलं आणि मंगळवारचा गुडघा रद्द झाला. आधी झडप.

नणंद पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा त्या वहिनीकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मी पडदा अर्धा इंच आखूड शिवला तर गिऱ्हाईक परत आणून तोंडावर टाकतं. परक्यांची पाची मापं घेतेस आणि माझी चारच का घेतलीस?"

"तुम्हाला दुखतं म्हणून," बाई म्हणाल्या. आणि मग, कारण ते अपुरं होतं, "मलाही घाई होती. आणि तुमच्याविषयी सगळं मला माहीत आहे असं वाटायचं."

नणंदेने काठी घेतली आणि भावाला फोन करून न्यायला बोलावलं. त्यानंतर अकरा दिवस त्या भावजयीशी बोलल्या नाहीत. निरोप भावामार्फत येत. डबा नको. सोबत नको. सीटी स्कॅनची तारीख ठरली, येऊ नकोस. सीटीत झडपेवरचा चुना आणि महाधमनीची मापं बघितली गेली आणि आकडा खरा ठरला. बाईंना ते कळलं दुसऱ्या मजल्यावरच्या सीटीवाल्याकडून, जिन्यात.

ते अकरा दिवस बाई रोज कामावर गेल्या. पेशंट पहिल्यासारखे तपासत, पण तपासून झाल्यावर दाराबाहेर गेलेल्या माणसाला परत बोलावत. एकदा तर लिफ्टपर्यंत जाऊन आणलं. बहुतेक वेळा आकडा तोच येई. त्यांना रात्रंदिवस सतावणारा प्रश्न वेगळाच होता. गेल्या वर्षी पाचवी जागा घेतली असती तर किती आला असता? चारच्या खाली की वर? त्यांनी एकदा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आता ते कोणीच सांगू शकणार नाही. बाईंना होकार किंवा नकार, दोन्ही चाललं असतं.

जेवणाच्या सुट्टीतले इको डॉक्टरांनी बंद केले. घरचा असो की दारचा, नंबर घ्यायचा, पाची जागा भरायच्या, रेघ असेल तर सही नाही. यावर रुग्णालयात बरीच कुरकुर झाली. लिफ्टवाला दोन आठवडे मापाडीबाईंना तिसऱ्या मजल्यावर सोडायचं विसरत होता.

बाईंनी दुसरं एक काम कोणाला न विचारता केलं. जुन्या नोंदींमधून दुपारी दीड ते दोनमधले सगळे झडपेचे इको काढले. पाचव्या जागेवर रेघ असलेले तेवीस निघाले. कोणाची सासू, कोणाचे मेहुणे. त्यांनी एकेकाला फोन करून रांगेत बोलावलं आणि कारण विचारलं त्याला कारण सांगितलं. काहींनी आभार मानले, काहींनी फोन आपटला. एकोणीस आले. दोघांचे आकडे वर गेले, एक थोडा, एक बराच. तिघांनी नाही म्हटलं. एका बाईंचा नंबर लागतच नाही. तो चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवलेला आहे आणि दर सोमवारी लावून बघितला जातो.

नणंदेची छाती उघडून झडप बदलली. पाच तास लागले. तिसऱ्या दिवशी भावजय अतिदक्षता विभागाच्या दारात उभी राहिली, आत जाऊ की नको या विचारात. आतून नणंदेने पाहिलं आणि बोटाने बोलावलं. घसा नळीने सुजलेला होता, त्यामुळे टोमणा पूर्ण बाहेर आला नाही, पण त्यात उशीची कव्हरं वापरात काढलीस का, असं काहीतरी होतं. बाई रडल्या नाहीत. सलाइनच्या नळीत बुडबुडा आहे का ते बघायला लागल्या. तेवढ्यात सिस्टर आली आणि म्हणाली, मापाडीबाई, इथे आमचं काम आम्हाला करू द्या.

सहा आठवड्यांनी नवीन झडपेचा पहिला इको झाला. नणंद रांगेत बसल्या होत्या, नंबर नऊ. पुढे दोघं असताना एका ओळखीच्या सिस्टरने त्यांना आधी आत न्यायचं म्हटलं, तर त्यांनी तिला मान हलवून पुढे पाठवलं. धारेचा वेग दोन पॉइंट दोन आला. पाची जागांवरून. नवीन झडपेला तो चालतो.

गुडघा आठ महिन्यांनी झाला. तेच भूलतज्ज्ञ, कमरेतूनच भूल. सकाळी नऊला नणंदेला आत नेलं. यजमान बाकावर बसले. बाई बसल्या, उठल्या, पाण्याच्या मशीनपर्यंत गेल्या, परत आल्या, थिएटरच्या दारावरची बंद-चालू पाटी वाचली, परत वाचली. भूल देऊन वीस मिनिटं झाली असतील. रक्तदाब याच वेळात खाली येतो. यजमान म्हणाले, तू खाली जा आणि काम कर, तुझ्या येरझाऱ्यांनी माझाच रक्तदाब चढतोय.

त्या खाली गेल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. एक उंच, पोक आलेला माणूस होता, बिल्डिंगचा रखवालदार. झडपेची तक्रार नव्हती, तरी बाईंनी बघितली. ती स्वच्छ होती, पातळ, पूर्ण उघडत होती. अकराला टेबलावरचा फोन थरथरला. बाईंचा एक हात प्रोबवर आणि दुसरा यंत्राच्या बटणावर होता. त्यांनी पेशंटला श्वास रोखायला सांगितला, चित्र नोंदलं, श्वास सोडायला सांगितला, आणि मग फोन कानाला लावला.

यजमान म्हणाले, झालं. रक्तदाब हलला नाही. शुद्धीत आहे, आणि टाके कोणी घातले ते विचारतेय, तिला ते वाकडे वाटतात.

"आता मोठा श्वास घ्या," बाईंनी रखवालदाराला सांगितलं, आणि प्रोब परत टेकवला.